पाहुण्यासाठी झाडलेली खोली

माझी आई म्हणायची, चोर जरी घरात शिरला तरी त्याला घर झाडलेलं दिसलं पाहिजे. सेंट क्रॉयवर, आमच्या या कॅरिबियन बेटावर, ही शिकवण कुणी मुद्दाम देत नाही, अंगात मुरलेलीच असते. मी तिचा जरा जास्तच मान राखला आणि त्यापायी काय घालवून बसले ते सांगते. ऐकून माझी कीव करू नका. राग आलाय मला, तेवढा पुरे आहे.

माझं नाव इंगेबोर्ग हेलिगर. विद्यापीठात माळ्यापासून डीनपर्यंत सगळे मला मिस इंगा म्हणतात. नर्सिंगच्या मुलींची सरावाची खोली मी सव्वीस वर्षं सांभाळते आहे. सहा खाटा, सलाईनचे स्टँड, रक्तदाबाची यंत्रं आणि चार रबरी बाहुले. या बाहुल्यांना मुली सुया टोचतात, नळ्या घालतात, कुशीवर वळवतात. त्यातला सगळ्यात जुना अंकल सिल्वानस. त्याच्या दंडात आजवर इतक्या सुया गेल्यात की तो माणूस असता तर मला शिव्या देऊन पळाला असता.

सप्टेंबरातल्या वादळाने आमच्या इमारतीचे अर्धे पत्रे उचलून मैदानापलीकडे नेऊन टाकले. खोलीत घोट्यापर्यंत पाणी. छताच्या फळ्या भिजून खाटांवर पडलेल्या. दोन आठवड्यांत भिंतींवर काळी-हिरवी बुरशी चढली, गाद्यांना वास सुटला, अंकल सिल्वानसच्या छातीवरही बुरशी आली. वीज नव्हती, फोन नव्हते. बॅटरीच्या रेडिओवर बातम्यांत मात्र पंधरा दिवस शेजारचं मोठं बेट. आमचा उल्लेख झालाच तर ‘आणि आसपासची बेटं’. आम्ही म्हणजे आसपास! मदतीचं जहाज समोरून जाताना आम्ही धक्क्यावरून बघायचो. जाऊ दे, तो विषय काढला की माझं डोकं फिरतं.

शेवटच्या वर्षाला सात मुली होत्या. अमेरिकेच्या मुख्यभूमीवरच्या एका मोठ्या विद्यापीठाने त्यांना निरोप पाठवला, आमच्याकडे या, एक सहामाही फुकट शिका, मग परत जा. भल्या मनाने पाठवला होता, नाही म्हणत नाही. पाच मुली लगेच गेल्या. राहिल्या दोघी, आणि त्यातली एक माझी केझाया.

केझाया माझ्या बहिणीची मुलगी. बहीण वारली तेव्हा पोर नऊ वर्षांची होती. तेव्हापासून माझ्याकडेच वाढली. माझा स्वतःचा मुलगा ऑल्रिक आठ वर्षांपूर्वी असाच ‘एकच सहामाही’ म्हणून गेला. तीन वर्षांपूर्वी बायकोला घेऊन आला, तेव्हा मी पडदे बदलले, लेसचा टेबलक्लॉथ काढला, दोन दिवस राबून स्वयंपाक केला. जेवून उठताना म्हणाला, “थँक यू मम्मी, फारच छान झालं होतं.” अहो, घरचा मुलगा असं बोलतो का? घरचा मुलगा मीठ कमी आहे म्हणतो. तो गेला त्या रात्री मी टेबलक्लॉथ धुतला आणि रडले.

म्हणून केझायाने जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

त्याचा एक मार्ग होता. डीन हेंडरिक्स यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, “मदत कार्यालयाचा माणूस नुकसान बघायला येणार आहे. इमारत वापरता येण्याजोगी नसेल तर दारावर लाल चिठ्ठी लावतो. लाल चिठ्ठी लागली की नव्वद दिवसांत तयार प्रयोगशाळा मिळते, कंटेनरमध्ये बसवलेली. खाटा, बाहुले, सगळं आत. जानेवारीत वर्ग सुरू.”

मी घरी जाऊन केझायाला सांगितलं. ती कंदील पुसत बसली होती.

“जानेवारीत नक्की, मावशी?”

“डीन म्हणाले.”

“डीन तर वीज आठवड्यात येईल असंही म्हणाले होते.”

“तोंड आवर. राहशील की नाही ते सांग.”

“खोली मिळाली तर मी कशाला जातेय? तिकडे थंडीत मरायला?”

झालं. मला तेवढंच ऐकायचं होतं.

आता पुढचं सांगताना माझीच मला लाज वाटते. पाहुणा येणार कळल्यावर मी काय केलं असेल? झाडू घेतला. मी एकटीने नाही, सगळ्यांनी. लायब्ररीच्या बायका आल्या, माळी आला, डीन स्वतः बाह्या सरसावून आले. पंप बंद म्हणून अंगणातल्या टाकीतून बादल्यांनी पाणी उपसलं. छताच्या कुजलेल्या फळ्या हातगाडीवर घालून लांब नेऊन टाकल्या. भिंती ब्लीचने घासून वर चुना फासला. मोडकी यंत्रं मागच्या शेडमध्ये ढकलली, कारण दिवाणखान्यात कोणी भंगार मांडून ठेवतं का? फुटक्या खिडक्यांवर चर्चमधले पडदे लावले. बुरसटलेल्या गाद्यांवर मी माझ्या घरच्या चांगल्या चादरी घातल्या, आईच्या हातच्या भरतकामाच्या. अंकल सिल्वानसला माझ्या दिवंगत नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट घातला आणि वर गळ्यापर्यंत पांघरूण. खोली अशी दिसत होती की आत जाऊन आजारी पडावंसं वाटावं.

एकालाही सुचलं नाही. आम्हा वीसबावीस शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हा माणूस घाण बघायला येतोय. बरं, आधीचे फोटो? फोन चार्ज नव्हते, पण खरं सांगायचं तर असते तरी काढले नसते. आपल्या उघड्या अंगाचे फोटो कोण काढतं?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो आला. ग्रेडी नाव, तिशीतला, उन्हाने नाक सोललेलं, हातात पाटीसारखी फळी आणि तिला लावलेले कागद. दारातून आत येताच म्हणाला, “नर्सिंगची खोली हीच का?”

गुड मॉर्निंग नाही, काही नाही. आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं की खोलीत शिरलं की आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं. आम्ही सगळे वाट बघत उभे. शेवटी डीननीच मोठ्याने “गुड मॉर्निंग” म्हणून त्याला वाट करून दिली. ते त्याच्या कानावरून गेलं.

तो खोलीभर फिरला. वर बघितलं, उडालेल्या पत्र्यांच्या जागी निळी ताडपत्री नीट ताणून बसवलेली. खाटांकडे बघितलं, माझ्या चादरी. भिंतीला हात लावला, बोटाला चुना लागला.

“आतून कोरडं आहे,” तो म्हणाला.

“आजच्या दिवशी आहे,” मी म्हटलं.

“बरं. आणि तुम्ही सगळे कसे आहात?”

आता सांगा, परक्या माणसाने कसे आहात विचारलं तर काय म्हणतात? मी म्हटलं, “देवाची कृपा. तक्रार करण्यासारखं काही नाही.”

त्याने ते लिहून घेतलं. मी स्वतः बघितलं. कागदावर एक रकाना होता, त्यात त्याने लिहिलं, ‘तक्रार नाही’. मग त्याला गवती चहा आणि नारळाचं टार्ट दिलं. दोन टार्ट खाल्ली, जाताना दारावर हिरवी चिठ्ठी लावली. आम्ही दारात उभं राहून त्याला हात हलवून निरोप दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हिरव्याचा अर्थ आम्हाला ऑक्टोबरच्या शेवटी कळला. पत्र आलं, ‘इमारत वापरण्यायोग्य. किरकोळ साफसफाईची गरज.’ सोबत मदत म्हणून बारा खोकी आली. डीननी पहिलं खोकं माझ्यासमोर उघडलं. आत एक बादली, एक मॉप, ब्लीचची बाटली, रबरी हातमोजे आणि सफाई कशी करावी याचं चित्रांसकट पत्रक.

मी ते पत्रक वाचलं. पहिली सूचना होती, ‘प्रथम कचरा बाहेर काढा.’

“डीन,” मी म्हटलं, “हे मी खाऊन टाकू का?”

“मिस इंगा, शांत व्हा.”

“मी शांतच आहे. शांत नसते तर ही बादली तुमच्या डोक्यावर असती.”

“माझ्या का? मी काय केलं?”

“चुना कोणी आणला होता?”

“आणि चादरी कोणी आणल्या होत्या?” डीन म्हणाले. आपल्याच हातून झालेलं, ओरडायचं कोणावर?

डीननी अपील केलं. त्यात म्हटलं होतं की पुन्हा येऊन बघा. म्हणाले, “अपील मान्य झालं तर दिवस पहिल्या भेटीपासून मोजतील, असं मला वाटतं. म्हणजे अजूनही जानेवारी.” ‘असं मला वाटतं’ याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

नोव्हेंबरात पाऊस लागला. ताडपत्रीच्या कडा वाऱ्याने उसवल्या आणि छताच्या राहिलेल्या फळ्या एका दुपारी खाली आल्या. पाणी, चिखल, फळ्या, सगळं पहिल्यासारखं. लायब्ररीच्या बायका झाडू घेऊन धावत आल्या तर मी दारात आडवी उभी राहिले.

“कोणी हात लावायचा नाही.”

“अहो मिस इंगा, वास मारतोय!”

“मारू दे. तो येईपर्यंत मारला पाहिजे.”

आयुष्यात एवढं कठीण काम मी कधी केलं नाही. रोज सकाळी कुलूप उघडायचं, त्या घाणीकडे बघायचं आणि कुलूप लावायचं. हाताला खाज सुटायची. झोपेत झाडू मारायचे. केझाया हसायची, “मावशी, काल रात्री तू माझ्या उशीवरून फडका फिरवलास.” आणि तो येणारा काही येईना. आठ तारीख दिली, रद्द केली. वीस तारीख दिली, विमान चुकलं. डिसेंबरची पहिली तारीख दिली, तर म्हणे बेटावर दोनच तपासनीस, त्यातला एक तापाने पडलाय. डीन रोज टेकडीवर चढून फोनला रेंज शोधायचे आणि मान खाली घालून उतरायचे.

फोटो मी या वेळी काढले. शेजाऱ्याच्या जनरेटरवर फोन चार्ज करून रोज एक. छत कोसळल्याचं लिहून डीननी ते अपिलाला जोडून पाठवले, तर उत्तर आलं, फोटो चालत नाहीत, तपासनिसाने प्रत्यक्ष बघितलं पाहिजे.

मुख्यभूमीच्या विद्यापीठाने कळवलं होतं, यायचं तर पंधरा डिसेंबरच्या आत सांगा. केझायाबरोबरची दुसरी मुलगीही गेली. केझायाने सोळा तारखेचं तिकीट काढलं. मला दाखवलं, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

“पंधरापर्यंत थांबते मावशी. लाल चिठ्ठी लागली तर हे फाडून टाकते. पण नाहीच लागली, तर मला अडवू नकोस. मला नर्स व्हायचंय. इथे नाही झालं तर कुठेतरी व्हायचंय.”

मी हो म्हटलं. अडवणार कुठल्या तोंडाने?

चौदा तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला मी खोलीपाशी गेले तर दार सताड उघडं आणि ब्लीचचा वास. आत केझाया, डोक्याला रुमाल, हातात त्या खोक्यातला नवा मॉप. फरशी लख्ख. फळ्या गायब. भिंतींवर पुन्हा चुना. माझ्या चादरी धुऊन, वाळवून पुन्हा खाटांवर. अंकल सिल्वानसचे केससुद्धा विंचरलेले.

“हे काय केलंस?”

“पहाटे पाचपासून लागलेय,” ती हसत म्हणाली. “ते लोक काही येत नाहीत मावशी. उद्या शेवटचा दिवस, आणि परवा मी नसणार. तू रोज इथे येऊन ज्या तोंडाने बघतेस ना, ते मला बघवत नव्हतं. म्हटलं, जायच्या आधी तुझी खोली तुला नीट करून द्यावी.”

मला तिला मारावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्हीपैकी एकही करायला वेळ मिळाला नाही, कारण मागून आवाज आला, “गुड मॉर्निंग! गुड मॉर्निंग, मिस इंगा! गुड मॉर्निंग, ताई!”

ग्रेडी. दोन महिन्यांत पोरगा गुड मॉर्निंग म्हणायला शिकला होता. खाटेवरच्या अंकल सिल्वानसलाही म्हणाला. मागे डीन, धापा टाकत. निरोप काल रात्री आला होता, पण डीनना सकाळी टेकडीवर गेल्यावर मिळाला. त्यांनी खोली बघितली आणि डोक्याला हात लावला.

ग्रेडीने वर बघितलं. केझायाने कडा बांधून घेतलेली निळी ताडपत्री खालून ठाकठीक दिसत होती. खाली बघितलं, फरशीत त्याचा बूट दिसत होता.

“मिस इंगा,” तो जरा ओशाळून म्हणाला, “अपिलात तर लिहिलंय की छत कोसळलंय, सगळीकडे पाणी आहे.”

“होतं. काल होतं. या पोरीने आज पहाटे साफ केलं. मी फोटो दाखवते.”

“माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण मला जे दिसतं तेच लिहिता येतं. आणि मला दिसतंय की…” त्याने हात पसरून खोली दाखवली. “माझ्या आईचं घर इतकं स्वच्छ नसतं.”

तेवढ्यात दारातून वारा आला, ओला वास असलेला. मी पूर्वेच्या टेकडीकडे बघितलं. तिच्यामागून काळा ढग वर येत होता. नाताळच्या दिवसांत आमच्याकडे अशी सर येते, दहा मिनिटं कोसळते आणि जाते. येते किंवा दुसऱ्या टेकडीवर निघून जाते, सांगता येत नाही.

“बसा,” मी म्हटलं.

“नाही, मला अजून चार इमारती…”

“आमच्याकडे पाहुणा उभ्याने जात नाही. केझाया, घरी पळ. सकाळी पिठाचे जॉनीकेक तळलेत ते आण, खारवलेला मासा आण, चहा आण. आणि माझा लेसचा टेबलक्लॉथ.”

“टेबलक्लॉथ?” केझायाने माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेर, मग वर ताडपत्रीकडे. माझ्याच हाताखाली वाढलेली पोर. “आणते मावशी,” म्हणाली आणि धावत सुटली.

कुठे गळतं ते मला डोळे मिटून माहीत होतं. तिसऱ्या आणि चौथ्या खाटेच्या मधे मी टेबल ओढलं, बरोबर त्या जागी खुर्ची ठेवली आणि ग्रेडीला बसवलं. जन्मात मी पाहुण्याला गळक्या छपराखाली बसवलं नव्हतं. आई वरून बघत असेल तर तिने तोंड फिरवलं असेल.

जेवण आलं. “डीन,” मी म्हटलं, “जरा प्रार्थना म्हणा ना.”

डीन हेंडरिक्सची जेवणाआधीची प्रार्थना बेटभर कुप्रसिद्ध आहे. लग्नात त्यांना कोणी म्हणू देत नाही, अन्न गार होतं. पण त्या दिवशी देवाने त्यांना अक्कल दिली. त्यांनी अन्नासाठी आभार मानले, मग कोळ्यांसाठी, मग विजेच्या खांबांवर चढणाऱ्यांसाठी, मग ग्रेडीच्या आईसाठी, मग फ्रेडरिकस्टेड गावापासून सुरुवात करून एकेका घराच्या छपरासाठी. मी एक डोळा उघडून दाराबाहेर बघत होते. ढग टेकडीवर येऊन थांबला होता. पडत नव्हता.

आमेन झालं. ग्रेडीने तीन जॉनीकेक खाल्ले. मी चौथा वाढला. त्याने घड्याळ बघितलं, मी चहा ओतला. केझायाने विचारलं तुमच्या गावी काय पिकतं, त्याने सांगितलं गहू, तिने विचारलं गहू कसा पेरतात. बिचाऱ्याने तेही सांगितलं. शेवटी तो तोंड पुसून उठला, फळी काखेत घेतली आणि म्हणाला, “फारच छान होतं, मिस इंगा. मला खरंच वाईट वाटतं.”

तो दारापर्यंत गेला. माझी युक्ती फसली. मी टेबलक्लॉथची घडी घालायला लागले.

आणि ताडपत्रीवर पहिला थेंब वाजला. मग सगळेच. अशी सर कोसळली की दारापासून त्याची गाडी दिसेना.

“थांबतो जरा,” ग्रेडी म्हणाला, आणि भला माणूस परत येऊन त्याच खुर्चीवर बसला.

आधी त्याच्या कपात थेंब पडला. त्याने वर बघितलं तर नाकावर पडला. मग ताडपत्री पोटासारखी फुगली, एका कडेने फाटली आणि बादलीभर पाणी सरळ त्याच्या डोक्यावर, कागदांवर, माझ्या आईच्या चादरीवर. अंकल सिल्वानस नखशिखांत भिजला. भिंतीवरून चुन्याचे ओघळ आले आणि त्यामागून काळी बुरशी दिसायला लागली. ग्रेडी उठला नाही. ओल्या केसांनी तसाच बसून राहिला आणि चारी बाजूंना बघत राहिला.

“दिसलं?” मी विचारलं.

“दिसलं,” तो म्हणाला.

लाल चिठ्ठी ओल्या दारावर चिकटेना. डीननी खिळे आणले, केझायाने धरली, ग्रेडीने ठोकली. केझायाने पिशवीतून तिकीट काढलं आणि दोन बोटांत धरलं. मी तिच्याकडे बघून हसत होते, वेड्यासारखी.

“म्हणजे जानेवारीत खोली येईल ना?” तिने विचारलं.

ग्रेडीने ओले कागद चाळले. “नव्वद दिवस. म्हणजे… मार्चचा मध्य. तेही लवकरात लवकर.”

“पण पहिली भेट ऑक्टोबरात झाली,” डीन म्हणाले. “तिथपासून मोजायला हवं.”

“ऑक्टोबरात मी हिरवी लावली होती, सर. दिवस लाल चिठ्ठीच्या तारखेपासून मोजतात. मला यात काही करता येत नाही.” त्याने मान खाली घातली. “मला खरंच वाईट वाटतं.”

ऑक्टोबरात नव्वद मिळवा. जानेवारी येतो. हा हिशेब मी त्या दिवसानंतर शंभर वेळा केला असेल. माझ्या चादरी, डीनचा चुना, माझं ते ‘तक्रार नाही’. तेवढ्याने पोरीची इथली सहामाही गेली.

केझायाने तिकीट पुन्हा पिशवीत ठेवलं. मॉप उचलून साचलेलं पाणी पुसायला वाकली.

“राहू दे,” मी ओरडले. “पुसू नकोस!”

“अगं मावशी, तो गेला आता.”

“म्हणूनच. आता कोणासाठी पुसायचं?”

सोळा तारखेला ती गेली. जाताना म्हणाली, “एकच सहामाही.” मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

ती तयार प्रयोगशाळा मे महिन्याच्या शेवटी आली. वरातीमागून घोडं. फाटकाशी उभी आहे, पांढरी, देखणी. आत सहा खाटा, आणि बाहुल्यांची अजून कागदी वेष्टनंही काढलेली नाहीत. विजेची जोडणी व्हायची आहे. त्यासाठी कोणीतरी येऊन बघून जाणार आहे. अंकल सिल्वानसला मी घरी आणलं, तो व्हरांड्यात बसतो.

गेल्या आठवड्यात केझायाचा फोन आला. “मावशी, जूनमध्ये येतेय. दोन आठवडे सुट्टी आहे.”

“दोनच?”

“तिकडे हॉस्पिटलमध्ये उन्हाळ्याचं काम मिळालंय.”

फोन ठेवला आणि मी कामाला लागले. जाळी काढली, फरशी घासली, खिडक्या पुसल्या. जुने पडदे उतरवून नवे लावले. कपाटातून लेसचा टेबलक्लॉथ काढला, चहाचा डाग राहिला होता तो लिंबाने घालवला आणि इस्त्री करून टेबलावर पसरला. मागे सरून बघितलं. फार छान दिसत होतं. ऑल्रिक आला होता तेव्हा दिसलं होतं तसंच.

मी तो तसाच गोळा केला आणि कपाटात कोंबला. जुने पडदे पुन्हा लावले. मग अंगणातला पाला घरात वाऱ्याने येतो तो येऊ दिला. चार दिवस झाले, झाडलेलं नाही. हाताला खाज सुटते, पण झाडू दाराशी उभा करून ठेवलाय. ती येईल, नाक मुरडेल, मावशी हे काय म्हणेल आणि स्वतः झाडेल. तिने झाडलंच पाहिजे. घर तिचं आहे.